मागून येणारीने निवडावी

बायकांना त्यांचं वजन चारचौघांत विचारण्याचं धाडस मी आयुष्यात एकाच व्यक्तीपाशी पाहिलं, माझ्या घरमालकीण काकूंपाशी. मिशिगनमधल्या नोव्हायच्या देशी किराणा दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या हुंगत असताना समोरची बाई सहज म्हणून जाई, यंदा स्कीज विकत घ्याव्यात असं मनात आहे. काकू जुडी खाली ठेवत आणि खणखणीत आवाजात विचारत, "वजन?" बाई हसून इकडेतिकडे बघे आणि एखादा मोघम आकडा सांगे.

"खरं सांग," काकू म्हणत. "लग्न नाही जमवून राहिली मी तुझं."

एवढ्यावर सुटका नसे. ती बाई सामान घेऊन बाहेर पडली की काकू तिच्या मागोमाग पार्किंग लॉटमध्ये जात. गोठून काचेसारख्या झालेल्या डांबरावरून भरलेली ट्रॉली ढकलताना ती कोणत्या पायावर विसंबते, घसरण जाणवली की अंग मागे टाकते की गुडघे मऊ करते, हे त्या डोळे बारीक करून पाहत. मी पिशव्या सांभाळत शेजारी उभी असे, कारण मी त्यांची भाडेकरू होते आणि शनिवारचा बाजार आम्ही एकत्र करत असू. "उजवा भरवशाचा आहे," त्या मला हळूच सांगत. "डावा नुसता सोबतीला."

काकू नागपूरच्या. जिथे उन्हाळ्यात दाराची कडीसुद्धा हाताला चटका देते, त्या गावात वाढलेल्या या बाईने मिशिगनच्या बर्फावर असं काय पाहिलं, ते मला कधी विचारता आलं नाही. बांधा ठेंगणा, डोक्यावर विटकरी रंगाची लोकरी टोपी, आणि तिच्याखालून नेहमी बाहेर आलेली एक पांढरी बट. एका मोटार कंपनीत गाड्यांच्या सस्पेन्शनच्या चाचण्या घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. चाक कितीही मोठं असो, जमिनीला टेकतो तो भाग तळहाताएवढा, असं त्या सांगत, आणि मग आपला तळहात पुढे करून म्हणत, "एवढ्यावर सगळा संसार." पोळी उलटताना, कुणाचं बाळ मांडीवर घेताना, बँकेच्या रांगेत, हे वाक्य कुठेही येई. स्कीच्या बाबतीत तर त्या तळहाताचीही चार बोटं मिटून घेत. स्कीच्या कडेच्या धारेला तेवढाही आधार मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कुणासाठी मोडला नाही. आपली स्की आपण निवडू नये. उतारावर असताना आपण आपल्याला दिसत नाही; जी मागून येते तिला दिसतो. म्हणून जिने निदान एक सबंध दिवस आपल्या मागून उतार उतरला आहे, तिनेच निवडावी. नोव्हायमधल्या कितीतरी मराठी बायकांच्या मागून काकू अशा उतरल्या होत्या. या नियमातली अडचण मात्र आम्हाला फार उशिरा कळली. काकू सगळ्यांच्या मागून येत. काकूंच्या मागून कोणीच येत नसे.

आमची टेकडी गाडीने तासाभराच्या अंतरावर होती. सह्याद्री पाहिलेल्या माणसाने तिला डोंगर म्हणायला धजू नये, इतकी ती लहान. तिच्यावरचा निम्मा बर्फ आकाशातून येण्याऐवजी यंत्रांच्या तोंडातून फवारला जाई, दुपारी सैल होई आणि रात्री दगडासारखा धरे. पहाटे दुसरं यंत्र त्याच्यावरून फिरे आणि सबंध उतार कोऱ्या कॉर्डुरॉयसारखा बारीक उभ्या रेघांनी भरून टाकी. काकू टेकडीवर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट सुरू व्हायच्या आधीच तिथे पोचत, पण उतरण्याची घाई त्यांना नसे. त्यांना तो उतार वाचायचा असे.

स्कीच्या कडेवर, म्हणजे तिच्या धारेवर नीट उभी असलेली बाई खाली गेली, की त्या कोऱ्या कापडावर दोन पातळ रेघा उरत, सुरीने आखाव्यात तशा. धार सुटली की रेघेची पट्टी होई, आणि भीती वाटली की पट्टीचा फराटा. पहिल्या हिवाळ्यात माझ्या मागे टेकडीभर फराटाच होता. मी आपली वाऱ्याने लाल झालेलं नाक आणि न पडल्याचा आनंद घेऊन तळाशी उभी, आणि काकू मागून येऊन थांबल्या.

"तू उतरत नाहीस, बाई. फरशी पुसून राहिली आहेस."

मग सबंध हिवाळा त्या माझ्या मागून येत राहिल्या.

त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीला कधी जागा मिळाली नाही. तिथे एक लांब बाक होतं, त्याच्यावर स्कीज पालथ्या निजलेल्या असत, आणि कोपऱ्यात एक जुनी, जड इस्त्री. संसार थाटायला म्हणून काकूंनी ती नागपूरहून सामानात भरून आणली होती. इथल्या निम्म्या दाबाच्या विजेवर ती कशीबशी कोमट होई. कपड्यांना निरुपयोगी ठरलेली ती इस्त्री पुढे, स्की नीट घसरावी म्हणून तळाला लावतात त्या मेणाला अगदी नेमकी लागू पडली. मेणाची वडी तिच्या तव्याला टेकवली की थेंब टपटपत स्कीच्या तळावर पडत. मग काकू त्यावरून इस्त्री अशी फिरवत, की एखाद्या तान्ह्या अंगाला तेल लावताहेत. गॅरेजभर गरम मेणाचा वास भरून राही, देवघर आणि डांबर एकत्र उकळल्यासारखा. त्या वासात मी पुष्कळ संध्याकाळी घालवल्या. घरची आठवण तिथे येत नसे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी एकदा वाण म्हणून तीच मेणाची वडी लुटली. पिवळी, चौकोनी, पारदर्शक कागदात बांधलेली, वर हलव्याचे चार दाणे. आलेल्यांपैकी कुणाच्या तरी सासूबाईंनी ती साबण समजून न्हाणीघरात ठेवली, आठवडाभर इमानाने अंगाला चोळली, आणि अमेरिकेतल्या साबणाला फेसच नाही अशी सुनेपाशी कुरकुर केली. ही हकिकत फिरत फिरत काकूंपर्यंत आली तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी काळजीने विचारलं, "पण घसरल्या नाहीत ना कुठे?"

दुकानात त्यांच्यासोबत जाणं म्हणजे वधूपरीक्षेला जाणं, फक्त इथे परीक्षा स्कीची. त्यांची भाषाही तशीच. स्की मधोमध अरुंद असते, ती तिची कंबर. जमिनीवर नुसती ठेवली तर पोटाशी किंचित उचललेली राहते, ती कमान. आपण वर उभं राहिलो की कमान दबते आणि धार सबंध लांबीभर बर्फाला धरते. कडांना जो बाक असतो तो पुरा केला तर जेवढं वर्तुळ होईल, ते तिचं वळण. काकू दोन स्कीज पाठीला पाठ लावून धरत, मधली फट चिमटीत दाबत आणि डोळे मिटून घेत. वैद्य नाडी बघताना मिटतो, तसे. विक्रेता मदतीला पुढे आला तर त्यालाच त्याचं वजन विचारत.

लांबी हनुवटीपासून नाकापर्यंत कुठेही चालते, असं त्यांचं मत होतं. बाई जितकी भित्री तितकी हनुवटीकडे, जितकी हट्टी तितकी नाकाकडे. बायकांसाठीच्या स्कीजवर गुलाबी फुलं आणि चांदण्या काढलेल्या दिसल्या की त्यांचा जीव कासावीस होई. बाईचा भार पुरुषापेक्षा खाली असतो, म्हणून पाऊल थोडं पुढे बसवावं लागतं आणि स्की जराशी हलकी लागते, फरक तेवढाच. "बाकी उताराला काय ठाऊक, वर बाई आहे की बुवा," त्या म्हणत.

आपल्या लोकांची एक सवय त्या बरोबर ओळखून होत्या. साडी असो, बूट असो, आपण दुकानात शिरताना म्हणतो, सगळ्यांत चालेल असं दाखवा. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलीने थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये भरपूर रुंद कंबरेच्या स्कीज घेतल्या होत्या, गुडघाभर ताज्या बर्फात तरंगण्यासाठी बनवलेल्या. कधीतरी कोलोरॅडोला जाऊ, असं तिचं म्हणणं. आमच्या टेकडीच्या टणक पाठीवर त्या स्कीज फळीसारख्या आपटत, आणि एका वळणावरून दुसऱ्यावर येईपर्यंत ती बिचारी घामाघूम होई. काकूंनी तिला लॉजमध्ये, टेकडीच्या पायथ्याशी ऊब घ्यायला आणि खायला बसतात तिथे, बसवून गरम सूप पाजलं आणि समजूत घातली.

"कोलोरॅडोला तू वर्षातून एकदा जाशील. इथे दर शनिवारी येशील. संसार कोणाशी करायचाय?"

यंत्राने विंचरलेल्या कडक उतारासाठी कंबर बारीक हवी, म्हणजे स्की झटकन धारेवर चढते आणि गुडघ्याला ओढ बसत नाही. जिला एकच जोड परवडणार आहे, सकाळचा कडक बर्फ आणि दुपारचा भुसभुशीत लगदा दोन्ही निभवायचे आहेत, तिला काकू कंबरेत बोटभर सैलपणा मंजूर करत. त्यापुढे मात्र नाही. आता मी पश्चिमेला राहते, जिथे डोंगर खरोखरच डोंगर असतात आणि रुंद स्कीज मिरवत लोक कॉफी प्यायला जातात. तरी नवीन काही विकत घेताना मी थांबते आणि स्वतःला विचारते, माझी शनिवारची टेकडी कोणती?

माझी स्की त्यांनी पहिल्या हिवाळ्याच्या अखेरीस निवडली. माझं मन एका आकाशी जोडीवर गेलं होतं, तिच्यावर उडणारे बगळे होते. काकूंनी बगळ्यांकडे ढुंकूनही न पाहता भाजलेल्या वांग्याच्या सालीच्या रंगाची एक जोडी माझ्या हातात दिली. मी हिरमुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या की चौथ्या वळणावर, नडगी बुटाच्या जिभेवर टेकली, अंग सबंध एका बाजूला कललं, आणि पायाखालून एक आवाज आला. कापडाच्या दुकानात ताग्याला कात्रीची चीर देऊन पुढचं कापड हातानेच फाडतात, त्याचा असतो तसा. सरळ, सलग, कुठेही न अडखळणारा. माझ्या गालाजवळून बर्फ वाहत होता आणि मला भीती वाटत नव्हती. खाली थांबून मी वर पाहिलं. कोऱ्या कापडावर माझ्या दोन रेघा होत्या. काकू मागून येऊन थांबल्या, त्यांनीही वर पाहिलं आणि म्हणाल्या, "रेघ." त्यांच्या कोशात कौतुकाचा शब्द तेवढाच.

त्या स्वतः शिकल्या पन्नाशी उलटल्यावर. त्यांची लेक शाळेच्या स्की क्लबात होती. दर आठवड्याला तिला टेकडीवर सोडायचं आणि ती दमेपर्यंत लॉजमध्ये थांबायचं, असे काकूंचे कितीतरी हिवाळे गेले. ओल्या मोज्यांचा आणि तळलेल्या बटाट्यांचा वास, आणि वाफ धरणारी मोठी काच. हाताने वाफ पुसायची, लेक शोधायची. पुन्हा वाफ धरायची, पुन्हा पुसायची. एवढ्या गर्दीत टोप्या सगळ्या सारख्याच, तेव्हा त्या तिला तिच्या रेघांवरून ओळखू लागल्या. वाचायची सवय तिथली. लेक कॉलेजला निघून गेली त्या हिवाळ्यात काकूंना थांबण्याचं काही कारण उरलं नाही, आणि त्या काचेबाहेर पडल्या.

लेक पुढे पार पश्चिम किनाऱ्यावर सांता क्लाराला गेली, नोकरीत रमली, आणि तिचं स्कीइंग सुटलं. तिला आईचा हा छंद लाजिरवाणा नव्हे, पण धोक्याचा वाटे. काका गेले, नंतर काकूंचा डावा गुडघा बदलावा लागला, तेव्हा ती काळजी फोनवरून रोज येऊ लागली. मी एव्हाना जवळच स्वतःच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले होते. ती मलाही फोन करी. "ताई, शी इज सेव्हन्टी वन. तू तरी तिला सांग ना."

डॉक्टरांनी बेताने, विंचरलेल्या उतारापुरती मुभा दिली होती. लेकीचं समाधान होईना. शेवटी मायलेकींत करार झाला. ती फेब्रुवारीत येईल, काकूंनी तिच्यासमोर एकदा उतरून दाखवायचं. जमलं नाही तर स्कीज कायमच्या सोडायच्या, नोव्हायचं घर विकायचं आणि वसंतात सांता क्लाराला जायचं. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या इस्त्रीचा तवा कागदाने पुसत होत्या. बराच वेळ तो पुसत राहिल्या.

लेक आली ती एक लांब खोकं घेऊनच. तिने आईसाठी नव्या स्कीज घेतल्या होत्या. हलक्या, मऊ, रुंद कंबरेच्या, टोकाला फिकट जांभळी फुलं. "सेफ आहेत, आई. बिगिनर्ससाठी बेस्ट म्हणतात." तिने किती शोधाशोध केली असेल, ते तिच्या थकलेल्या डोळ्यांत दिसत होतं. काकूंनी त्या स्कीज पाठीला पाठ लावून धरल्या, चिमटीत दाबल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "छान आहेत," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी अशी होती की श्वास नाकातच करकरे. आकाश धुतल्यासारखं निळं, आणि उतारावर कोरं कॉर्डुरॉय. लेक तळाशी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मला काकूंनी मागून यायला सांगितलं. नियमाप्रमाणे मीच यायला हवी, असं त्यांचं म्हणणं. पण लेकीने आणलेल्या स्कीजवर त्या पुढे निघाल्या आणि कापड फाटल्याचा आवाज आला नाही. मऊ टोकं फडफडत होती, रुंद कंबर धारेवर चढायलाच तयार नव्हती. खर्र, खर्र. निम्म्या उतारावर उजव्या वळणात, जिथे सगळा भार डाव्या पायावर येतो, पायाखालचं सगळं सुटलं आणि काकू कुशीवर पडून बर्‍याच खाली घसरत गेल्या.

मी पोचले तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. लागलं नव्हतं. टोपी वाकडी झाली होती आणि ती बट डोळ्यांवर आली होती. त्या माझ्याकडे न बघता खाली बघत होत्या, लेकीच्या हातातल्या कपाकडे.

"इट्स ओके, आई," आम्ही खाली आल्यावर लेक म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "यू ट्राइड."

गुडघा घसरला नाही, स्की घसरली, असं मी सांगून पाहिलं. तिने मान हलवली. ताई, तू तिला नाही म्हणूच शकत नाहीस, असं ती म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं.

काकूंनी हातमोजे काढले, टोपी सरळ केली. "मी तुला त्या काचेतून किती हिवाळे पाहिलं," त्या लॉजकडे बोट करून लेकीला म्हणाल्या. "तू एकदा माझ्या मागून ये. मग म्हण सोड. मी सोडते."

कप कचऱ्यात टाकून लेक लॉजकडे गेली आणि भाड्याचे बूट, भाड्याच्या स्कीज घेऊन परतली. इतक्या वर्षांनी बुटांच्या कड्या आवळताना तिची बोटं चुकत नव्हती. दोघी लिफ्टवर शेजारी शेजारी बसून वर गेल्या. टोपी आणि टोपी, मधे थोडी जागा.

यावेळी काकू सावकाश उतरल्या. स्कीज त्याच, फुलं तीच. लेक थोडं अंतर ठेवून मागे होती. मधेच ती थांबली, वाकली आणि आईच्या मागे राहिलेल्या खुणेवर तिने काठीचं टोक टेकवलं. मग पुढच्या खुणेवर. खालून मला दिसत होतं ते तिला जवळून दिसलं असणार. उजव्या वळणांना सगळा फराटा. आणि डाव्या वळणांना, त्या फडफडत्या स्कीवरसुद्धा, एक रेघ.

खाली आल्यावर तिने स्कीज काढल्या आणि सरळ टेकडीच्या तळाशी असलेल्या दुकानाच्या दारात मांडलेल्या स्कीजपाशी गेली. वापरून बघायला देतात त्या जोड्यांपाशी. एक उचलली, परत ठेवली. दुसरी पाठीला पाठ लावून धरली आणि चिमटीत दाबली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं; आईला करताना पाहिलं असावं. बऱ्याच वेळाने आतून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, बसवून घेऊन ती परत आली. काळपट, बारीक कंबरेची, हनुवटीपेक्षा थोडी वर येणारी जोडी.

"उजव्या वळणाला तुला उशीर होतो," ती म्हणाली. एकेक मराठी शब्द ती जुन्या कपाटातून काढल्यासारखा काढत होती. "कंबर बारीक हवी. पण मऊ नको तुला, आई. मऊ माझं चुकलं."

काकूंनी जोडी हातात घेतली. डोळे मिटले, दाबून पाहिलं. मग बाइंडिंगवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. पडताना बूट किती जोराने सुटावा, हे उतरणारीच्या वजनावरून लावलेलं असतं.

"माझं वजन किती सांगितलं तू त्यांना?"

लेकीने आकडा सांगितला.

"पाच पौंड कमी सांगितलंस. जा, खरं सांगून ये. लग्न नाही जमवायचं माझं."

लेक गेली आणि आली. येताना हसत होती, की डोळे पुसत होती, थंडीत ते वेगळं ओळखू येत नाही. मायलेकी पुन्हा वर गेल्या. मी तळाशी उभी राहिले आणि दोघी लिफ्टवरून उतरल्यावर डोळे मिटून घेतले. काही क्षण नुसता वारा. मग दुरून, वरून, कुणीतरी ताग्याला कात्रीची चीर दिली. ते कापड जवळ जवळ येत, एकदा उजवीकडे जरा अडखळत, फाटत आलं. त्याच्या मागून दुसरं.

दोघी थांबल्या. काकूंनी उताराकडे पाहिलंच नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"रेघ?"

लेक अजून धापा टाकत होती. तिने वळून वर पाहिलं, सगळा उतार नीट वाचला, आणि मग सांगितलं, "रेघ."